न्यू जर्सीत अध्यक्षीय प्रायमरीचं मत कसं द्यावं

एडिसन, जर्सी सिटी, प्लेन्सबरो किंवा पर्सिपनीत राहणारी आपली मंडळी नोव्हेंबरचं मतदान सहसा चुकवत नाहीत. जूनमधल्या प्रायमरीकडे, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीकडे, मात्र बरेचजण फिरकत नाहीत. "तोपर्यंत सगळं ठरलेलं असतं," हे त्यांचं नेहमीचं कारण. ते निम्मं खरं आहे. २०२४ मध्ये बायडन आणि ट्रम्प या दोघांनीही १२ मार्चलाच उमेदवारीपुरते प्रतिनिधी मिळवले होते आणि न्यू जर्सीचं मतदान झालं ४ जूनला. पण त्याच मतपत्रिकेवर सिनेटचा उमेदवार होता, काँग्रेसचा होता, काउंटीचे आणि गावाचे होते. त्यांचं भवितव्य त्या दिवशीच ठरलं. ज्या भागात एकाच पक्षाचं वर्चस्व आहे तिथे प्रायमरी जिंकणारा नोव्हेंबरमध्ये जवळजवळ निवडून आल्यातच जमा असतो. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार आज डेट्रॉइटचे खासदार आहेत. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मिशिगनच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत बरेच उमेदवार असताना सुमारे २८ टक्के मतांवर ते जिंकले आणि नोव्हेंबरची लढत त्यांना सोपी गेली. त्या मतदारसंघाचा खासदार कोण, हे ऑगस्टमध्ये मत द्यायला गेलेल्यांनी ठरवलं.

हा लेख न्यू जर्सीपुरता आहे, कारण प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत आणि एका राज्याचं ज्ञान दुसरीकडे घात करतं. टेक्सास किंवा व्हर्जिनियात नोंदणी करताना पक्ष सांगावाच लागत नाही. पेनसिल्व्हेनियात पक्षात नोंद नसेल तर प्रायमरीत मतच देता येत नाही. न्यू जर्सी या दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे. तुम्ही नुकतेच डॅलसहून किंवा फिलाडेल्फियाहून इकडे आला असाल, तर तिकडचं सगळं बाजूला ठेवून वाचा.

प्रायमरी म्हणजे नेमकं काय

महाराष्ट्रात पक्षाचा एबी फॉर्म कोणाच्या हातात पडणार, हे पक्षश्रेष्ठी ठरवतात. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत इच्छुक जीव मुठीत धरून बसलेले असतात. इथे तो फॉर्म कोणाला द्यायचा हे पक्षाचे साधे मतदार मत देऊन ठरवतात, आणि ती निवडणूक पक्ष नव्हे तर सरकारी यंत्रणा घेते. मतदान केंद्रं तीच, मशीन तीच, कर्मचारीही तेच. तुम्ही कोणत्या पक्षाचे, याची नोंदही सरकारी मतदारयादीत असते. त्यासाठी वर्गणी नसते, सदस्यत्वाची पावती नसते, सभेला जायचं बंधन नसतं.

न्यू जर्सीत डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन या दोनच पक्षांच्या प्रायमरी होतात, दोन्ही एकाच दिवशी. ग्रीन, लिबर्टेरियन वगैरे पक्षांत नोंद करता येते, पण त्यांची सरकारी प्रायमरी नसते.

अध्यक्षपदासाठीचं मत थेट उमेदवाराला जात नाही. त्या मतांच्या प्रमाणात किंवा बहुमताने राज्याचे प्रतिनिधी, म्हणजे डेलिगेट, ठरतात आणि ते उन्हाळ्यातल्या राष्ट्रीय अधिवेशनात उमेदवार निवडतात. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण २०२४ मध्ये याच तपशिलाला अचानक महत्त्व आलं.

आधी तारखा लिहून ठेवा

राज्याच्या कायद्याप्रमाणे प्रायमरी जूनच्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी होते. त्या हिशेबाने पुढची अध्यक्षीय प्रायमरी ६ जून २०२८ ला येते. विधिमंडळ ही तारीख बदलू शकतं आणि बदलतंही. २००८ मध्ये अध्यक्षीय प्रायमरी ५ फेब्रुवारीला घेतली होती, २०२० मध्ये कोविडमुळे ती ७ जुलैला गेली, आणि २०२५ ची राज्याची प्रायमरी ज्यूंच्या शावुओत सणामुळे आठवडाभर पुढे ढकलली गेली. म्हणून २०२८ च्या जानेवारीत तारीख एकदा पडताळून घ्या.

मतदानाचा दिवस लक्षात राहतो. त्याच्या आधीच्या दोन मुदती लोक विसरतात:

प्रायमरीच्या ५५ दिवस आधी पक्ष बदलण्याची मुदत संपते. ६ जून धरला तर १२ एप्रिल २०२८.

प्रायमरीच्या २१ दिवस आधी मतदार नोंदणीची मुदत संपते. म्हणजे १६ मे २०२८.

यातली पहिली मुदत सगळ्यात जास्त लोकांना अडवते. एप्रिलच्या मध्यावर प्रायमरीची चर्चा घरात सुरूही झालेली नसते. टॅक्स रिटर्न भरायच्या धांदलीत तो दिवस येतो आणि निघून जातो. सोयीची खूण म्हणजे टॅक्सची कागदपत्रं काढाल तेव्हाच मतदारयादीतला आपला पक्षही तपासायचा.

तुम्ही मत देऊ शकता का

मत फक्त अमेरिकन नागरिकाला देता येतं. ग्रीन कार्ड असलं, वीस वर्षं इथे राहून टॅक्स भरला असला, तरी नाही. ही गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण नकळत चूक होण्याची एक जागा आहे. मोटर व्हेईकल कमिशनच्या कचेरीत लायसन्सचं काम करताना मतदार नोंदणीही आपोआप पुढे पाठवली जाते आणि नको असेल तर तसं सांगावं लागतं. नागरिक नसाल तर समोरच्या स्क्रीनवरचा प्रत्येक प्रश्न थांबून वाचा. नागरिकत्वाच्या प्रश्नावर घाईत "हो" दाबलं गेलं, तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जात आणि इमिग्रेशनच्या कामांत फार मोठी अडचण उभी राहू शकते. असं झाल्याची शंका आली तर स्वतः काही खुलासे लिहून पाठवू नका. आधी इमिग्रेशनच्या वकिलाला गाठा.

नागरिक असाल तर मतदानाच्या दिवशी राज्यात आणि त्या काउंटीत राहायला येऊन ३० दिवस झालेले असावेत. वयाची अट १८, पण इथे एक नवी आणि आनंदाची गोष्ट आहे. २०२४ च्या जानेवारीत सही झालेला कायदा २०२६ पासून लागू झाला आहे. नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत ज्यांना १८ पूर्ण होणार आहेत, त्यांना १७ व्या वर्षी प्रायमरीत मत देता येतं. २०२८ ची अध्यक्षीय प्रायमरी ही या नियमाखाली होणारी पहिलीच. तेव्हा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात असलेल्या मुलांना आतापासून सांगून ठेवा. ग्रॅज्युएशनच्या समारंभाच्या आसपासच पहिलं मत देता येणं त्यांच्या कायम लक्षात राहील.

नोंदणी: नावात घोळ नको

नोंदणी ऑनलाइन होते, कागदी अर्जानेही होते. लायसन्सचा नंबर किंवा सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात. छापील अर्ज इंग्रजीखेरीज स्पॅनिश, कोरियन आणि गुजरातीतही मिळतो. आईवडिलांसाठी भरत असाल आणि घरात गुजराती वाचणारं कोणी असेल तर त्याची मदत होते.

आपल्या लोकांच्या नोंदणीत अडचण येते ती नावाची. मराठी नावात मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं. पासपोर्टवर ते पहिल्या नावाला जोडून येतं, लायसन्सवर कधी सुटतं तर कधी नुसतं आद्याक्षर राहतं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांची कागदपत्रं तर तीन तऱ्हांची असतात. साधा उपाय असा की लायसन्सवर जे नाव अक्षरशः छापलंय तेच अर्जावर लिहा. नागरिकत्व घेताना नाव बदललं असेल, तर आधी सोशल सिक्युरिटी, मग लायसन्स आणि मग मतदार नोंदणी, या क्रमाने जा.

दुसरी गोष्ट सही. नोंदणीच्या वेळची सही पुढे प्रत्येक वेळी ताडून पाहतात. केंद्रावर नजरेने, आणि टपाली मतात फार बारकाईने. आपल्यातले कितीतरी जण बँकेत इंग्रजीत सही करतात आणि इतरत्र देवनागरीत. नोंदणीत जी केली तीच सही मतदानाला करा. स्क्रीनवर बोटाने केलेली वेडीवाकडी सही नोंदीत गेली असेल, तर नवा अर्ज भरून ती बदलून घ्या.

काही आठवड्यांनी राज्याच्या निवडणूक विभागाच्या संकेतस्थळावर आपलं नाव शोधा. नाव, पत्ता, "अॅक्टिव्ह" हा शेरा आणि पक्षाचा रकाना, चारही पाहा. तिथे काही अडलं तर राज्याच्या मतदार मदतवाहिनीचा क्रमांक १-८७७-६५८-६८३७ आहे.

पक्षाचा रकाना

हा भाग सावकाश वाचा, कारण केंद्रावरून परत यायची वेळ येते ती इथल्या गैरसमजातून.

यादीत तुमच्या नावापुढे तीनपैकी एक स्थिती असेल.

पहिली, तुम्ही "अनअफिलिएटेड" आहात, म्हणजे कोणत्याच पक्षात नोंद नाही. राज्यातल्या मतदारांचा एक मोठा हिस्सा असाच आहे आणि नवे नागरिकही बहुधा असेच असतात, कारण अर्जावरचा पक्षाचा चौकोन ते रिकामा सोडतात. ही सर्वांत मोकळी स्थिती. प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर जाऊन डेमोक्रॅटिक किंवा रिपब्लिकन यांपैकी एक निवडायचं आणि मत द्यायचं. ५५ दिवसांची मुदत तुम्हाला लागू नाही.

दुसरी, तुम्ही यांपैकी एका पक्षात नोंदलेले आहात. मग त्याच पक्षाची मतपत्रिका मिळेल. या वेळी दुसऱ्या पक्षातली लढत जास्त महत्त्वाची वाटत असेल, तर ५५ दिवस आधी पक्ष बदलल्याचा अर्ज काउंटीच्या कचेरीत पोचलेला हवा. त्यानंतर काहीही करता येत नाही. "मग मी अनअफिलिएटेड होतो आणि त्या दिवशी दुसरा पक्ष निवडतो," ही युक्तीही त्या मुदतीनंतर चालत नाही.

तिसरी, तुम्ही तिसऱ्याच एखाद्या पक्षात नोंदलेले आहात. तुम्हालाही तीच ५५ दिवसांची मुदत आहे.

आता लोक विसरतात तो मुद्दा. अनअफिलिएटेड मतदाराने एकदा प्रायमरीत मत दिलं की त्याची नोंद त्या पक्षात होते आणि ती तशीच राहते. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन आणि बर्नी सँडर्स यांच्या लढतीत तुम्ही मत दिलं असेल आणि त्यानंतर काही अर्ज भरला नसेल, तर तुम्ही आजही डेमोक्रॅट म्हणून यादीत असाल. नोव्हेंबरमध्ये कोणालाही मत द्यायला त्याची आडकाठी नसते. अडतं ते फक्त पुढच्या प्रायमरीत.

"माझा पक्ष कोणाला कळेल का?" हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. हो, पक्षाची नोंद ही सार्वजनिक माहिती आहे आणि प्रचारवाले ती वापरतात. तुम्ही मत कोणाला दिलं, हे मात्र कोणालाच कळत नाही. मला स्वतःला पक्ष नोंदवण्यात काही वावगं वाटत नाही. ज्या पक्षाकडे आपला कल आहे त्याची उमेदवारी ठरवण्यात आपला वाटा असावा, इतकाच त्याचा अर्थ. पण ज्यांना दर वेळी मोकळीक हवी आहे त्यांनी मत दिल्यावर पुन्हा अनअफिलिएटेड व्हावं. ते अगदी सोपं आहे.

मत देण्याच्या तीन वाटा

टपालाने मत द्यायला कारण सांगावं लागत नाही. काउंटी क्लार्ककडे अर्ज करायचा. टपालाने पाठवलेला अर्ज मतदानाच्या सात दिवस आधी पोचायला हवा, आणि स्वतः कचेरीत गेलात तर आदल्या दिवशी दुपारी तीनपर्यंत चालतं. अर्जावर "यापुढच्या सगळ्या निवडणुकांसाठी" असं निवडलं की दर वेळी मतपत्रिका घरी येते. याला प्रायमरीचा अपवाद आहे. अनअफिलिएटेड मतदाराला पक्ष कळवल्याशिवाय प्रायमरीची मतपत्रिका येत नाही. मे महिना उजाडला आणि टपालात काहीच आलं नाही, तर कारण बहुधा हेच असतं.

मतपत्रिका भरताना चूक होते ती पाकिटांत. आतल्या पाकिटाला सहीचं एक प्रमाणपत्र चिकटलेलं असतं. ते फाडून वेगळं करायचं नाही, त्यावर सही करायची, आतलं पाकीट बंद करून बाहेरच्या पाकिटात घालायचं. दुसऱ्या कोणी तुमचं पाकीट नेऊन दिलं, तर त्याचं नाव आणि सहीही पाकिटावर लागते. नवराबायकोच्या पाकिटांची अदलाबदल होणं ही घरोघरची गोष्ट आहे, म्हणून एकाचं पूर्ण बंद करूनच दुसऱ्याचं उघडावं. सही जुळली नाही तर बोर्ड ऑफ इलेक्शन्सकडून पत्र येतं आणि दुरुस्तीची संधी मिळते. ते पत्र जाहिरातींच्या टपालात टाकून देऊ नका.

भरलेली मतपत्रिका मतदान केंद्रावर देता येत नाही. काउंटीच्या ड्रॉप बॉक्समध्ये मतदानाच्या दिवशी रात्री आठपर्यंत टाका किंवा बोर्ड ऑफ इलेक्शन्समध्ये नेऊन द्या. टपालाने पाठवलेल्या मताला पोस्टाचा शिक्का आणि पोचण्याची तारीख अशा दोन अटी असतात. माझा आग्रह ड्रॉप बॉक्सचा आहे, कारण तिथे शिक्क्याचा प्रश्नच येत नाही.

आगाऊ मतदान ही दुसरी वाट. २०२४ च्या अध्यक्षीय प्रायमरीत ते २९ मे ते २ जून असं पाच दिवस होतं. त्याचा मोठा फायदा असा की काउंटीतल्या कोणत्याही आगाऊ केंद्रावर जाता येतं. ऑफिसातून घरी येताना वाटेत जे पडेल ते चालतं. शनिवार-रविवारही मिळतो. जूनच्या सुरुवातीला सुट्टीसाठी भारतात निघणाऱ्यांना हे सोयीचं पडतं.

तिसरी वाट प्रत्यक्ष मतदानाचा दिवस. केंद्र सकाळी सहा ते रात्री आठ. या दिवशी मात्र ठरवून दिलेल्या केंद्रावरच जावं लागतं. आठ वाजता रांगेत असाल तर मत देऊनच घरी जायचं. कोणी "वेळ संपली" म्हणालं तरी रांग सोडू नका.

एक अडचण नेहमी येते. टपाली मतपत्रिका मागवली, पण आता केंद्रावर जावंसं वाटतंय. तसं गेलात तर मशीन मिळत नाही, प्रोव्हिजनल मतपत्रिका मिळते. टपाली मत आलेलं नाही याची खात्री झाल्यावरच ती मोजतात. मत वाया जात नाही, पण वेळ जातो. त्याच काउंटीत घर बदललं आणि पत्ता कळवायचा राहिला असेल, तरी नव्या पत्त्याच्या केंद्रावर अशीच मतपत्रिका भरता येते.

मतपत्रिका कशी वाचावी

नमुना मतपत्रिका मतदानाआधी घरी येते. ती फ्रिजवर लावण्याआधी पंधरा मिनिटं समोर घेऊन बसा.

न्यू जर्सीच्या मतपत्रिकेचा इतिहास माहीत असेल तर ती नीट वाचता येते. वर्षानुवर्षं राज्याच्या २१ पैकी १९ काउंट्यांत "काउंटी लाइन" नावाची पद्धत होती. काउंटीतल्या पक्षसंघटनेने ज्यांना पाठिंबा दिला ते सगळे, वर अध्यक्षापासून खाली गावच्या उमेदवारापर्यंत, एकाच ठळक रांगेत छापले जात. ज्यांना पाठिंबा नाही त्यांची नावं दूरच्या एखाद्या रकान्यात, कधी मधे रिकामी जागा सोडून. मतदाराला वरचं नाव ओळखीचं वाटायचं आणि तो त्याच रांगेने खाली उतरत जायचा. लाइन मिळाली की प्रायमरी खिशात, असं समीकरणच होतं. त्यामुळे खरी सत्ता काउंटीच्या पक्षाध्यक्षांकडे होती.

हे तुटलं २०२४ मध्ये. सिनेटसाठी उभे राहिलेले अँडी किम यांनी या पद्धतीविरुद्ध फेडरल कोर्टात दावा लावला. त्यांच्या प्रतिस्पर्धी टॅमी मर्फी या तेव्हाच्या गव्हर्नरांच्या पत्नी. अनेक मोठ्या काउंट्यांची लाइन त्यांना मिळाली होती. त्यांनी मार्चमध्ये माघार घेतली आणि २९ मार्चला न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी डेमोक्रॅटिक मतपत्रिकेवर लाइन वापरायला मनाई केली. जूनमध्ये किम जिंकले, आज ते सिनेटर आहेत. २०२५ च्या मार्चमध्ये कायदा होऊन ही पद्धत दोन्ही पक्षांसाठी गेली. आता प्रत्येक पदाचा चौकोन वेगळा असतो आणि त्या पदाचे सगळे उमेदवार त्यात एकत्र असतात.

त्यामुळे जुनी सवय सोडावी लागेल. पूर्वी एका रांगेत बोट फिरवलं की काम व्हायचं. आता प्रत्येक चौकोनापाशी थांबून निवड करावी लागते. एक चौकोन रिकामा राहिला तरी बाकीचं मत बाद होत नाही, पण रिकामा सोडायचा असेल तर तो तुमचा निर्णय असू द्या, नजरचुकीने नको.

अध्यक्षपदाच्या चौकोनात उमेदवारांशिवाय "अनकमिटेड" असा पर्यायही असू शकतो, म्हणजे कोणत्याही उमेदवाराला न बांधलेले प्रतिनिधी. २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक मतपत्रिकेवर गाझातल्या युद्धविरामाची मागणी करणारा असा पर्याय होता आणि त्याला सुमारे ९ टक्के मतं पडली. ज्या लढतीचा निकाल आधीच लागलेला आहे त्यात निषेध नोंदवायची ही सनदशीर जागा आहे.

सगळ्यात खाली काउंटी कमिटीची जागा दिसते. ती बहुतेक लोक न वाचता सोडतात. कमिटीचे सदस्य मतदान केंद्राच्या छोट्याशा भागातून निवडले जातात, म्हणजे तुमच्या शेजारच्या काही गल्ल्यांतून. हेच लोक पुढे काउंटीचा पक्षाध्यक्ष निवडतात, पाठिंबा कोणाला द्यायचा हे ठरवतात. कितीतरी ठिकाणी या जागेवर एकच नाव असतं. गणेशोत्सवाची वर्गणी, स्वयंसेवक, हॉलचं बुकिंग सांभाळणाऱ्या आपल्या मंडळांतल्या माणसांना हे काम सहज जमण्यासारखं आहे. राजकारणात शिरायचं असेल तर पहिलं दार हे आहे, असं मला मनापासून वाटतं.

मतदान केंद्रावर

कोणत्याही उमेदवाराची टोपी, बिल्ला किंवा टी-शर्ट घालून जाऊ नका. केंद्रापासून १०० फुटांच्या आत प्रचाराला बंदी आहे. ओळखपत्र बहुतेकांना दाखवावं लागत नाही. टपालाने नोंदणी केली, तेव्हा ओळख पडताळली गेली नाही आणि हे पहिलंच मतदान आहे, अशांनाच ते लागतं. तरी लायसन्स खिशात असू द्या, आडनावाचं स्पेलिंग सांगण्यापेक्षा ते दाखवणं सोपं पडतं.

टेबलावरचा कर्मचारी टॅबलेटवर तुमचं नाव काढतो. अनअफिलिएटेड असाल तर तो कोणता पक्ष ते विचारतो. हा प्रश्न चारचौघांत येतो आणि आपली माणसं इथे अवघडतात, विशेषतः मागे शेजारी उभे असतील तर. उत्तर एका शब्दात द्या, समोर आलेल्या मजकुरावर सही करा. त्या पक्षाच्या मतपत्रिकेसाठी मशीन उघडून मिळतं. मशीन काउंटीगणिक वेगळी असतात. सगळ्या निवडी झाल्यावर शेवटचं बटण दाबण्याआधी पडद्यावर किंवा कागदावर जी यादी दिसते, ती वरपासून खालपर्यंत एकदा वाचा.

घरातल्या ज्येष्ठांबद्दल. आपल्याकडच्या अनेक आजी-आजोबांनी वयाच्या आणि ग्रीन कार्डच्या वर्षांच्या सवलतीमुळे नागरिकत्वाची परीक्षा मराठीत दिलेली आहे. इंग्रजी मतपत्रिका वाचायचा त्यांना धीर होत नाही म्हणून ते घरी राहतात. फेडरल कायद्याने, इंग्रजी वाचता येत नसेल किंवा नजर, हात साथ देत नसतील, तर मतदाराला आपल्या पसंतीचा मदतनीस आत नेता येतो. तो त्यांचा मालक किंवा कामगार संघटनेचा पदाधिकारी नसावा, एवढीच अट. मुलगा, सून, शेजारीण कोणीही चालतं. केंद्रावर गेल्या गेल्या कर्मचाऱ्याला तसं सांगा. मदत करणाऱ्याने नावं मराठीत वाचून दाखवायची, निवड आजींची. घरी बसून नमुना मतपत्रिकेवर आधी एकदा सगळं वाचलं असेल तर आत दोन मिनिटांत होतं.

तुमच्या मताचे प्रतिनिधी

डेमोक्रॅटिक पक्ष प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटतो, पण किमान १५ टक्के मतं मिळवणाऱ्यालाच वाटा मिळतो. ही वाटणी दोन पातळ्यांवर होते: काही प्रतिनिधी राज्यभरच्या मतांवर, तर बरेचसे छोट्या विभागांतल्या मतांवर. न्यू जर्सीत विधिमंडळाचे मतदारसंघ जोडून हे विभाग केले जातात. त्यामुळे राज्यात हरलेला उमेदवारही एखाद्या विभागात प्रतिनिधी घेऊन जातो. २०१६ मध्ये सँडर्स यांना राज्यात सुमारे ३७ टक्के मतं पडली, पण ते रिकाम्या हाताने गेले नाहीत. त्याच वर्षी रिपब्लिकन पक्षात "जिंकेल त्याला सगळे" हा नियम होता आणि राज्याचे ५१ च्या ५१ प्रतिनिधी ट्रम्प यांना मिळाले. पक्ष हे नियम दर चार वर्षांनी नव्याने ठरवतात, तेव्हा २०२८ चे नियम त्या वर्षी पाहावे लागतील. वाटणी प्रमाणात असेल तर हरणाऱ्याला दिलेलं मतही प्रतिनिधी मिळवून देऊ शकतं. "जिंकेल त्याला सगळे" असेल तर दोन जवळच्या उमेदवारांतून निवड करताना जिंकण्याची शक्यता मोजावी लागते.

हे प्रतिनिधी नुसते शिक्के मारणारे नसतात, हे २०२४ ने दाखवलं. जूनमध्ये न्यू जर्सीच्या मतदारांनी बायडन यांच्या नावावर प्रतिनिधी पाठवले. २१ जुलैला बायडन यांनी माघार घेतली. पुन्हा प्रायमरी घ्यायला वेळच नव्हता. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात देशभरच्या प्रतिनिधींनी ऑनलाइन मतदान करून कमला हॅरिस यांना उमेदवारी दिली. "सगळं ठरलंय" म्हणून जूनमध्ये घरी बसलेल्यांनी, उमेदवार प्रत्यक्षात ठरवणारी माणसं पाठवण्यातला आपला वाटा सोडून दिला होता. पुढच्या वेळी प्रतिनिधी कोण होतं, काउंटीच्या पक्षसंघटनेने कोणाची नावं पुढे केली, हे विचारायला लाजू नका. स्वतः प्रतिनिधी व्हायचं असेल तर पक्षाची निवड योजना आदल्या वर्षीच तयार होते. त्यासाठी राज्य पक्षाच्या कार्यालयाशी आधी बोलावं लागतं.

नागरिकत्व अजून मिळालं नसेल तर

मत नाही, पण हात बांधलेले नाहीत. ग्रीन कार्डधारक उमेदवाराला देणगी देऊ शकतो. एच-१बी किंवा इतर तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्याला देणगीची सक्त मनाई आहे, अगदी दुसऱ्याच्या नावाने किंवा कंपनीच्या पैशांनीसुद्धा. विनामोबदला स्वयंसेवक म्हणून फोन करणं, घरोघरी जाणं मात्र चालतं. नागरिकत्वाचा अर्ज केलेला असेल तर शपथेची तारीख आणि मतदार नोंदणीची मुदत शेजारी शेजारी ठेवून पाहा. शपथविधीच्या ठिकाणीच नोंदणीचे अर्ज अनेकदा मिळतात. मेच्या सुरुवातीला शपथ झाली तर त्याच दिवशी भरून द्या, नंतर करू म्हटलं की २१ दिवसांची रेघ ओलांडली जाते.

मतदानानंतर

टपाली आणि प्रोव्हिजनल मतं नंतरही मोजली जातात. चुरशीच्या लढतीत रात्री आघाडीवर असलेला उमेदवार आठवड्याने मागे पडलेला दिसला, तर त्यात संशयास्पद काही नसतं. टपाली मत दिलं असेल तर ते पोचलं आणि स्वीकारलं गेलं का, हे राज्याच्या संकेतस्थळावर पाहता येतं. प्रोव्हिजनल मताची पावती मिळालेली असते, तीवरून त्याचंही कळतं. नाकारलं गेलं असेल तर कारण विचारा.

आणि पुन्हा अनअफिलिएटेड व्हायचं असेल, तर पक्षनोंदीचा तोच अर्ज काढा, "कोणत्याही पक्षाशी संबंध नाही" ही निवड करा, सही करून काउंटीच्या मतदार नोंदणी आयुक्तांकडे (कमिशनर ऑफ रजिस्ट्रेशन) किंवा आपल्या गावाच्या म्युनिसिपल क्लार्ककडे पाठवा. काही आठवड्यांनी यादीतला रकाना बदलला का ते पाहा, आणि नसेल बदलला तर त्या अर्जाची प्रत घेऊन कचेरीत जा.